सहा रविवार आणि एक ग्राफिक्स कार्ड

माझा भाऊ कालेर्वो वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढे मी त्याला खूप बोलणार आहे, तेव्हा नंतर कुणी म्हणायला नको की मार्केत्ताला सख्ख्या भावाची कदर नव्हती. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण वेळेवर वाढलं मी. अकरा म्हणजे अकरा. बटाटे शिजले नाहीत म्हणून शाळेची घंटा थांबत नाही. कालेर्वोची घंटा मात्र थांबायची. तो विचार करायचा.

तो कागदाच्या गिरणीत कंट्रोलचा माणूस होता. भल्यामोठ्या यंत्राला कधी वेग घे, कधी थांब, हे सांगणारी जी पेटी असते तिच्या आतला प्रोग्रॅम बघणं हे त्याचं काम. एका जूनमध्ये मिडसमरच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाच्या, सुट्टीआधी वरून निरोप आला की पेटीत नवा प्रोग्रॅम भरा. तेव्हा तरुण होता, फार विचार न करता भरला. यंत्र एकतीस तास बंद पडलं. कुणाला खरचटलं नाही, कुणाची नोकरी गेली नाही. पण आमच्या गावात एकदा नाव पडलं की पडलं. गिरणीत, दुकानात, गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसलेल्या म्हाताऱ्यांमध्ये तो ‘एकतीस’ झाला. “काय एकतीस, गाडी सुरू होतेय का आज?” असं. तो हसायचा. पण तेव्हापासून कुठल्याही चालत्या वस्तूला हात लावायचा म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. गिरणी बंद झाली, तो घरी बसला, गावातल्या लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करू लागला, आणि दुरुस्त करून देतानाही बजावायचा, “चालतंय ना? मग अपडेटचं बटण दिसलं तरी दाबू नका.”

त्याची बायको ईर्या. तिच्या तोंडाला कधी कुलूप म्हणून नव्हतं. कायनू या आमच्या उत्तरेकडच्या मुलखाच्या बोलीत, शब्द ओढून ओढून, ती दिवसभर बोलायची. कालेर्वोशी, चुलीशी, रेडिओवरच्या बातम्यांशी. त्याला ‘माझा एकतीस’ म्हणायची ती एकटीच, आणि तिने म्हटलेलं त्याला लागत नसे. तिला तो आजार झाला, ज्यात एकेक स्नायू सोडून जातो आणि डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं. आधी हात गेले. मग जीभ जड झाली.

जीभ पुरती जायच्या आधी, एका शरद ऋतूत, कालेर्वोने तिला माइकसमोर बसवून सोळाशे वाक्यं वाचून घेतली. आवाज साठवून ठेवला की पुढे कॉम्प्युटर तिच्याच आवाजात बोलू शकेल, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. हॉस्पिटलच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे तयार सोय आहे. पण ती सोय बोलायची शहरातल्या शुद्ध भाषेत. ईर्या म्हणाली, तेव्हा अजून तोंडाने म्हणत होती, “अशा आवाजात मी बोलले तर आई मला ओळखणार नाही.”

सगळं अडलं होतं ते इथेच. तिची आई लेम्पी एक्क्याण्णव वर्षांची. सुओमुस्साल्मीच्या वृद्धाश्रमात, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. दर रविवारी दुपारी एक वाजता ईर्या तिला फोन करायची. वीस वर्षांत एक रविवार चुकला नव्हता. आजाराचं मात्र आईला सांगायचं नाही, अशी ईर्याची सक्त ताकीद होती. “तिला दिसत नाही, चालता येत नाही. हे कळून ती करणार काय? नुसती रात्रभर छताकडे तोंड करून पडून राहील.” म्हणून आवाज गेल्यावर आम्ही सांगितलं, घसा बसलाय. घसा महिनाभर बसतो, दोन महिने बसतो. सहा महिने कसा बसेल?

ईर्या डोळ्यांनी लिहायची. पडद्यावरच्या अक्षराकडे पाहिलं की ते अक्षर उमटायचं. लिहिलेलं वाचून दाखवणारा एक आवाज कॉम्प्युटरमध्ये होता, रेल्वे स्टेशनवर गाडी उशिरा येणार म्हणून सांगणाऱ्या बाईसारखा. एकदा आम्ही त्या आवाजात लेम्पीला फोन लावून पाहिला. “आई, मी ईर्या,” बाई म्हणाली. लेम्पी कडाडली, “कोण गं तू भवाने? म्हाताऱ्यांना लुबाडायचा धंदा करतेस? लाज नाही वाटत?” आणि फोन आपटला. ईर्याला हसू आलं. म्हणजे तिचे डोळे हसले. मग तिने तो आवाज कायमचा बंद केला. आम्ही पडद्यावर वाचून घ्यायचो. पण आंधळ्या आईने काय वाचायचं?

घरच्या घरी आवाज बनवायचा तर कॉम्प्युटरला दमदार ग्राफिक्स कार्ड हवं, आवाजाची गणितं तेच भरभर करतं, जुन्यावर महिनोन्‌महिने लागतील, असं कालेर्वो म्हणाला. नाताळची झाडं घराबाहेर निघाली त्या आठवड्यात मी औलू शहरात जाऊन कार्ड घेऊन आले. विटेएवढं जड. ईर्याच्या डोळ्यांसमोर खोका धरला. तिने लिहिलं: “किती दिवस?” कालेर्वो म्हणाला, “कार्ड बसलं की दीड दिवस.”

कार्ड बसलं नाही. खोका टेबलावर राहिला.

झालं असं की कॉम्प्युटरचा मदरबोर्ड आठ वर्षांचा. त्याच्या पोटात एक छोटासा कायमचा प्रोग्रॅम असतो, फर्मवेअर. कॉम्प्युटर उठताना सगळ्यात आधी तो उठतो आणि कुठे काय जोडलंय ते बघतो. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं की या बोर्डाचं फर्मवेअर जुनं असेल तर तो नवं कार्ड ओळखत नाही, आधी अपडेट करा. दुसऱ्या कुणी लिहिलं होतं, अपडेटची काही गरज नाही. तिसऱ्याने लिहिलं होतं की अपडेट चालू असताना वीज गेली आणि बोर्ड मेला तो मेलाच. आणि तसा बोर्ड आता बाजारात मिळत नाही.

आता मी त्याची बाजूही सांगते. ईर्याचे डोळे त्याच कॉम्प्युटरवर चालायचे. ती जे काही बोलायची, ‘पाणी’, ‘कूस वळव’, ‘खिडकी उघड’, ते सगळं त्यातून. बोर्ड मेला तर नव्या यंत्राची जुळवाजुळव होईपर्यंत दोन-तीन आठवडे ती पुरती मुकी. कालेर्वो मला म्हणाला, “आहे तेही गेलं तर मी तिला काय तोंड दाखवू?” हे खोटं नव्हतं.

तेव्हा बाहेर उणे पस्तीस होतं. झाडांवर बर्फाचा भार इतका की फांद्या मोडून तारांवर पडत होत्या, आठवड्यातून दोनदा तरी वीज जायची. कालेर्वो म्हणाला, थंडी ओसरू दे. ठीक. पुढच्या आठवड्यात ओसरली. तेव्हा म्हणाला, बॅटरीचा डबा मागवतो, म्हणजे वीज गेली तरी काम अडणार नाही. डबा आला. तोवर कंपनीच्या पानावर फर्मवेअरच्या दोन आवृत्त्या निघाल्या, एक ताजी आणि एक चाचणीची. कुठली घ्यावी? चौकटीच्या वहीत त्याने दोन रकाने आखले. डावीकडे करावं, उजवीकडे करू नये. दोन्ही रकाने रोज वाढत होते. मी कॉफी प्यायला जायची तेव्हा तो मला वाचून दाखवायचा, आणि मी हो म्हणून मान हलवायची.

का हलवायची? हेच तर माझं मलाच कळत नाही. शाळेत आचारी पाच मिनिटं उशिरा आला तर मी त्याला उभा सोलायची. पण आमच्याकडे माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या कामावर विचार करत असेल तर त्याला ढोसायचं नसतं. तसं करणं म्हणजे त्याच्या अंगणात न विचारता जाऊन त्याची लाकडं फोडण्यासारखं. आजवर कुणी आम्हाला हे शिकवलं नाही, पण सगळे पाळतो. घरी येणारी नर्स पाळायची. पोस्टमन खोका बघून “अजून नाही का?” असं नुसतं डोळ्यांनी विचारायचा. सगळे मूग गिळून बसलो होतो आणि त्यालाच आम्ही शहाणपण म्हणत होतो.

रविवार मात्र थांबत नव्हते. एक वाजता कालेर्वो फोन लावायचा, स्पीकरवर, ईर्याच्या खाटेजवळ, म्हणजे तिला निदान आईचा आवाज ऐकू येईल.

“घसा?” लेम्पी विचारायची.

“अजून तसाच आहे, आई. तुम्हाला नमस्कार सांगितलाय.”

“नमस्कार तिला स्वतःला सांगता येत नाही? नुसतं घोगरं बोलली तरी चालेल मला.”

“डॉक्टरांनी मनाई केलीये.”

“असले कसले डॉक्टर!” कार्ड आणल्यापासूनच्या चौथ्या रविवारी ती म्हणाली, “कालेर्वो, खरं सांग. रुसलीये ना ती माझ्यावर? गाई विकल्या तेव्हा मी तिला काहीबाही बोलले होते. त्याचं धरून बसली असेल.”

“नाही हो, आई. तसं काही नाही.”

“मग मी काय केलं? मेल्यावर बोलणार आहे का माझ्याशी?”

ईर्या छताकडे बघत होती. तिच्या कानाकडे पाणी ओघळत गेलं, आणि पुसायला हात नव्हता. मी पुसलं. फोन ठेवल्यावर तिने कालेर्वोसाठी लिहिलं: “झालं का ठरवून?” त्याने वही काढली, वीस मिनिटं समजावलं. तिने लिहिलं: “बरं.”

तो लाकडं आणायला बाहेर गेला तेव्हा मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, “मी झापते त्याला आज. पुरे झालं.” तिने सावकाश, एकेक अक्षर बघत लिहिलं: “नको. त्या एकतीस तासांनंतर गिरणीतून घरी आला तेव्हा असाच दिसत होता. माझ्यासाठी केलं आणि बिघडलं, तर हा परत उठणार नाही.” मग थोडं थांबून: “अजून थोडे रविवार आहेत.”

मी ते वाचलं आणि गप्प बसले. तिने सांगितलं म्हणून बसले, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे गप्प बसणं मला सोपं गेलं.

सहाव्या रविवारनंतरच्या मंगळवारी ईर्या गेली. छातीत कफ साचला, दोन दिवस ताप, आणि सकाळी नर्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. कालेर्वो खुर्चीत बसला होता. पडदा चालू होता आणि त्यावर कर्सर नुसता लुकलुकत होता. तो मला म्हणाला, “येत्या शनिवारी करायचं ठरवलं होतं.”

त्या रविवारी त्याने फोन केला नाही. लेम्पीला फोनवर सांगायचं नाही, चर्चच्या पाद्रीबाईंना घेऊन समोर जाऊन सांगायचं, असं ठरलं. पाद्रीबाई आणखी आठ दिवसांनी, सोमवारी, येणार होत्या.

मधल्या बुधवारी मी त्याच्याकडे गेले. तो त्याच टेबलाशी बसला होता आणि, देवाशपथ सांगते, वहीत काहीतरी लिहीत होता. माझं डोकं फिरलं. इतक्या आठवड्यांचं सगळं एकदम वर आलं. मी खोका फाडला. “काय करतेस?” तो म्हणाला. “तू शंभरदा सांगितलंस कसं बसवायचं ते. आता मी बसवते.” कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली, झाकण काढलं, जुनं कार्ड उपसलं, नवं दाबून बसवलं, खट् असा आवाज येईपर्यंत. बटाटे सोलायला याहून जास्त वेळ लागतो. फर्मवेअरला मी हातसुद्धा लावला नाही. वायर जोडली आणि बटण दाबलं.

पंखे फिरले. पडदा उजळला. कार्डाचं नाव कोपऱ्यात आलं.

कालेर्वोने त्या नावावर बोट ठेवलं. “अपडेट न करता?” त्याने विचारलं.

“अपडेट न करता.”

“म्हणजे गरजच नव्हती.”

तो उठला, कोट घातला, बाहेर जाऊन फावड्याने अंगण साफ करू लागला. अंगणात बर्फ नव्हताच, सकाळीच काढून झाला होता. तो नुसतंच फावडं घासत रस्त्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. मी खिडकीतून बघत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मदत करायला नव्हतं मी ते कार्ड बसवलं. त्याला दुखवायला बसवलं होतं. जिवंतपणी तिच्यासाठी जे केलं नाही ते तिच्या मागे याला डागण्या द्यायला केलं. कार्ड माझ्या हाताने सहा आठवड्यांपूर्वीही तेवढंच बसलं असतं.

तो आत आला, हात धुतले, आणि आवाज बनवायचा प्रोग्रॅम सुरू केला. दीड दिवस पंखे घोंघावत राहिले. शुक्रवारी संध्याकाळी त्याने मला बोलावून घेतलं. ईर्याच्या फाइलींमध्ये ‘आईला’ नावाची एक फाइल सापडली होती. आवाज तयार झाल्यावर पहिल्यांदा काय बोलायचं ते तिने जानेवारीतच लिहून ठेवलं होतं. नऊ ओळी.

“रविवारी ऐकवतो,” कालेर्वो म्हणाला. “तिचं तिच्या आईपर्यंत पोचवतो. सोमवारी जाऊन सगळं सांगू.”

मला ते बरोबर वाटलं. तिचं शेवटचं बोलणं होतं ते, आईचा हक्क होता त्यावर.

रविवारी एक वाजता त्याने फोन स्पीकरवर ठेवला आणि बटण दाबलं.

“आई, मी ईर्या,” ईर्या म्हणाली.

तीच होती. शब्द ओढणं तेच, वाक्याच्या शेवटी खाली येणं तेच. ती सांगत होती की घसा बरा झालाय, मी रुसलेली नाही, गाईंचं मी कधीच विसरले, वसंतात बर्फ वितळला की खिडकी उघडून बस, पाण्याचा आवाज येईल तुला. नऊ ओळी संपल्या.

पलीकडे लेम्पी रडत होती आणि हसतही होती. “अगं माझे बाई! आलीस का एकदाची! मला वाटलं, आता काही हिचा आवाज कानावर पडत नाही. अगं, काय खाल्लंत आज?”

लिहून ठेवलेलं सगळं बोलून झालं होतं. मी कालेर्वोकडे पाहिलं. आता हा सांगेल, मला वाटलं. नाहीतर फोन ठेवील. नाहीतर नेहमीसारखा विचार करत बसेल, आणि तेवढ्यात मी काहीतरी बोलेन.

त्याने क्षणाचाही विचार केला नाही. कीबोर्ड ओढून टाइप केलं, आणि ईर्या म्हणाली, “मासळीचं सूप.”

“कुठली मासळी, मुइक्कू?”

“हो, मुइक्कू.”

“शेपू घातलास का? तू विसरतेस नेहमी.”

“घातला, आई.”

“आणि तो तुझा कालेर्वो? अजून प्रत्येक गोष्टीचा काथ्याकूट करत बसतो का?”

त्याची बोटं थांबलीच नाहीत. “बसतो,” ईर्या म्हणाली, आणि लेम्पी खो-खो हसली.

पंचवीस मिनिटं ती दोघं बोलत होती. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. त्याने तो उचलून बाजूला ठेवला, रागाने नाही, भांडं सरकवावं तसा. लेम्पी म्हणाली, “मग पुढच्या रविवारी?” तो टाइप करत होता तेव्हा मला पडदा दिसत होता. ‘हो, एक वाजता.’ ईर्याने ते म्हटलं. फोन ठेवला गेला.

कालेर्वोचा चेहरा किती महिन्यांनी असा सैल दिसत होता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “मार्केत्ता, पाद्रीबाईंना फोन कर. म्हणावं, उद्या नको.”

मला खूप काही म्हणायचं होतं. दोन आठवड्यांनी दफन आहे, हे म्हणायचं होतं. आईला लेकीच्या दफनाला बसायचा हक्क आहे, हे म्हणायचं होतं. त्या खोलीत मोठ्याने बोलू शकणारी मी एकटीच उरले होते.

मी फोन उचलला, पाद्रीबाईंचा नंबर लावला आणि सांगितलं, उद्या येऊ नका.